कॅरिअर काढलेली सायकल

शांत रस्ते कुठे आहेत, असं विचारायला हल्ली माझ्याकडे माणसं येतात. हा माझ्या नातीचा प्रताप. सानिका एव्हरशाईन सिटीत राहते. तिच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी सायकलींचा ग्रुप काढला आहे, आणि आपल्या आजोबांना पूर्वेकडच्या डोंगरातला एकेक रस्ता तोंडपाठ आहे असं तिने त्यांना सांगून ठेवलं आहे. रविवारी उजाडता उजाडता ही मंडळी राजोडीला आमच्या वाडीच्या अंगणात येऊन उभी राहतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे, आणि सायकली अशा की एका हाताने उचलून ओटीवर ठेवाव्यात. "काका, ट्रॅफिक नको, थोडा चढ पाहिजे आणि जंगल पाहिजे. असा रूट सांगा ना." मी सांगतो. हायवेला लागा, शिरसाड फाट्यावरून आत शिरा, मांडवी मागे पडली की डोंगर उजव्या हाताला येतो तो पार वज्रेश्वरीपर्यंत सोबत सोडत नाही. पारोळच्या अलीकडे साग रस्त्यावर वाकलेला आहे, तिथे थांबून पाणी प्या. डंपर सुरू व्हायच्या आत परत फिरा, नाहीतर धूळ खाल. ती पोरं हे सगळं फोनमध्ये टिपून घेतात, माझे पाय धरल्यासारखं करतात आणि निघून जातात. मी ओटीवर बसून चिडत राहतो.

कशावर चिडतो, हे सानिकाने एकदा विचारलं. "आजोबा, तू रूट सांगतोस तेव्हा तुझा चेहरा एकदम वैतागलेला का असतो?" तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण असं की त्या रस्त्यांवरून मी चार वर्षं दर आठवड्याला गेलो, आणि या पोरांसारखा एकदाच गेलो. पारोळचा रस्ता म्हटला की यांना झाडं दिसतात. मला आधी केळीचे पाच घड दिसतात, मग त्यांच्याखाली दबलेलं मागचं चाक, आणि झाडं त्यानंतर.

आमच्या घरात एक नियम होता. सायकल रिकामी वाडीबाहेर काढायची नाही आणि रिकामी घरी आणायची नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण माझे वडील, म्हणजे अप्पा, तो देवाचं केल्यासारखा पाळत. "चाकं फिरणारच आहेत ना, मग वर काहीतरी बसू दे," एवढंच त्यांचं त्यावरचं म्हणणं. मी शाळेत निघालो की कॅरिअरवर नाक्यावरच्या दुकानासाठी विड्याच्या पानांचं पुडकं. येताना बैलाची पेंड. मामाकडे लग्नाला निघालो तरी नारळ, आणि लग्नाहून येताना मामाच्या वाडीतली सुरणाची रोपं. मी सात-आठ वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो. अप्पांनी मला सायकलवर घालून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी पुढच्या नळीवर बसलो होतो आणि मागे कॅरिअरवर शेवग्याच्या शेंगा होत्या. येताना मी पुन्हा नळीवर, आणि मागे कुणाच्या तरी विहिरीचा दुरुस्त केलेला पंप. शेंगा आणि पंप यांची सोय आधी, पोराची नंतर, असं मला तेव्हापासून वाटत आलं आणि ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आमची घरची बोली वेगळी आहे, कागदावर उतरवली तर शेजारच्या तालुक्यातल्या माणसालाही अडखळायला होईल. म्हणून इथे अप्पा आणि आई जरा पुस्तकी बोलतायत असं वाटलं तर तो दोष माझा. अप्पा मुळात बोलतच कमी. वाडीत पहाटे रहाटाची करकर सुरू व्हायची, पाट भरून पाणी केळींच्या आळ्यांतून फिरायचं, त्यानंतर सायकल स्टँडवरून काढल्याचा खट्ट असा आवाज आणि अप्पांचं खाकरणं, म्हणजे सकाळ झाली. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत असे. सोबत केळफुलाची भाजी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील आणि कांदा. केळं आमच्या घरात कुठल्या रूपात नव्हतं ते विचारा. पानात जेवण, सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधाबांध, खोडाची भाजी, आणि उन्हाळ्यात अंगणभर सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज हाताने दाबून उलटायची, मधासारखा रंग आला की वाळक्या सोपटात गुंडाळून ठेवायची. आम्हा भावंडांचं काम कावळे हाकायचं. मी कावळे कमी हाकले आणि सुकेळी जास्त खाल्ली, हे आईला माहीत होतं.

अप्पांच्या दोन गोष्टी मात्र मी आजही मानतो. एक म्हणजे त्यांचा लोड. कॅरिअरवर आधी सोपटाची गादी, तिच्यावर आडवे घड, जड बाजू पुढे, आणि काथ्याचा दोर असा फिरवलेला की खड्ड्यातूनही केळं हलायचं नाही. दुसरी म्हणजे त्यांची गाठ. एका टोकाला धरून ओढली की झटक्यात सुटायची. दोर कधी कापायचा नाही, हा घरातला दुसरा नियम. कापलेला दोर म्हणजे पायाने लोटलेली भाकरी, इतकी त्यांना त्याची चीड. गाठ सोडवायची, दोर गुंडाळायचा आणि खुंटीला टांगायचा.

मी आठवीत गेलो तशी पूर्वेकडची फेरी अप्पांनी माझ्या गळ्यात घातली. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की केळीचे घड आणि पानांची टोपली घेऊन डोंगराच्या अंगाला जायचं. रेल्वेपलीकडे तेव्हा मनवेलपाड्याला चार घरं आणि बाकी भातशेती. हायवे ओलांडला की माणूस भेटणं कमी व्हायचं. मांडवीच्या दुकानात दोन घड, पुढच्या पाड्यांवर सुटी केळी, पारोळच्या हॉटेलात उरलेलं. येताना पानवेलींना आधार द्यायला कारवीच्या काठ्या, कधी बांबू, पावसाळ्यानंतर पेंढा. पेंढा लादलेल्या सायकलीवर बसलेला मी मागून दिसतच नसे. चालत्या गंजीला शिंगरू जुंपलंय का काय, असं एकदा एस.टी.चा ड्रायव्हर ओरडला होता.

आणि तरीही तो रस्ता मला आवडायचा, हीच तर गोची होती. दुपारची वेळ, डोंगराची सावली नुकती रस्त्यावर यायला लागलेली, सागाची मोठी पानं वाळून डांबरावर पडलेली, चाकाखाली ती चुरडल्याचा आवाज. तांबट पक्षी कुठेतरी ठोके देत बसलेला. पळस फुलला की अख्खा उतार लाल. मी मोजून ठेवलं होतं, मांडवी ते पारोळ तीन चढ आणि चार उतार. प्रत्येक चढावर माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि मी मनात म्हणायचो, हे ओझं नसतं तर? हे पन्नास-साठ किलो मागे नसते तर मी किती वेगाने गेलो असतो? चार वर्षं मी हा एकच प्रश्न त्या रस्त्यावर नेला आणि परत आणला.

उत्तर मिळायची वेळ कॉलेजच्या पहिल्या वर्षी आली. आमच्या भागातल्या एका क्रीडामंडळाने सायकल शर्यत ठेवली. विरारच्या बाजाराजवळच्या मैदानातून सुटायचं, वज्रेश्वरीला देवळाच्या पायऱ्यांपाशी वळायचं आणि परत. म्हणजे माझाच रस्ता! साध्या सायकली चालतील असं पत्रकात लिहिलं होतं. पहिल्या तिघांना पुण्याच्या निवड चाचणीला पाठवणार, तिथे निवड झाली तर गिअरची सायकल आणि पुढे खेळाच्या जोरावर नोकरी. पत्रक मी वहीत घालून ठेवलं आणि दिवसातून चारदा उघडून वाचलं. पुणं मला हवं होतंच. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. अप्पांनी एकदा तरी माझ्याकडे सायकल चालवणारा म्हणून बघावं. त्यांच्या लेखी मी कॅरिअरचा पुढचा भाग होतो.

शर्यत रविवारी होती. आदल्या शनिवारी मी फेरीला गेलो नाही, हे पहिलं बंड. दुपारी अंगणात सायकल उलटी करून पाना घेतला आणि कॅरिअर काढून टाकलं, हे दुसरं. कॅरिअर काढलेली ती सायकल बोडकी दिसत होती, आणि मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात हसत होतो. आई बाहेर आली. तिच्या हातात पिशवी.

"वसू, वज्रेश्वरीपर्यंत जातोयस ना, मग देवीची ओटी घेऊन जा. खण, नारळ आणि तांदूळ आहेत. पायरीवर ठेवलीस तरी चालेल."

"आई, शर्यत आहे. तिथे थांबून ओटी भरू?"

"देवीच्या दारात जाऊन हात हलवत येणार?"

"हो. हात हलवत येणार. जाताना रिकामा, येताना रिकामा."

हे मी मुद्दाम मोठ्याने बोललो, कारण अप्पा विहिरीपाशी होते. मला भांडण हवं होतं. त्यांनी यावं, ओरडावं, कॅरिअर परत लाव म्हणावं, म्हणजे मलाही चार वर्षांचं साठलेलं बोलता येईल. ते आले, सायकलीकडे पाहिलं, सुटे पडलेले नटबोल्ट उचलून कोनाड्यात ठेवले. "उद्या बाजाराचा लोड आहे," ते म्हणाले. "माझ्या सायकलीवर तू बांध." एवढंच. जिंक म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत.

मी बांधला. आयुष्यात तसा लोड कधी बांधला नव्हता. रागाने दोर असा ओढला की तळहात सोलले. प्रत्येक वेढ्यावर गाठ, गाठीवर गाठ, आणि प्रत्येक गाठ पाय टेकवून आवळलेली. मनात हेच, की उद्या बाजारात बसा सोडवत, तुमचा लोड तुम्हाला लखलाभ. वय वर्षं अठरा. मला वाटतं त्या वयात माणसाला गाढव म्हटलं तर गाढवाने रागवावं.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा अप्पा विरारच्या बाजाराला निघून गेले होते. आईने भाकरी वाढली. मी निघताना तिने माझ्या शर्टाच्या खिशावरून हात फिरवला, तो आशीर्वाद असेल असं मी समजलो. मैदानात वीसेक जण होते, तिघा-चौघांच्या सायकली वाकड्या हँडलच्या. शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो.

त्या पहिल्या तासाचं काय सांगू? सायकल माझ्याखाली नाहीच असं वाटत होतं. पॅडल मारलं की ती उडी घ्यायची. ज्या चढावर मी उतरून ढकलत असे तो चढ मी उभा राहून कधी संपवला ते कळलंच नाही. शिरसाड फाट्यापर्यंत मी आठवा-नववा असेन. मांडवी गेली तेव्हा चौथा. दुसऱ्या चढावर मुंबईहून आलेल्या एका वाकड्या हँडलवाल्याला मी मागे टाकलं, त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. तिसऱ्या चढाच्या माथ्यावर मी दुसरा होतो. पुढे फक्त एकजण, हाकेच्या अंतरावर. डोंगरावर ऊन आलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मी रस्ता ओळखत होतो, तो ओळखत नव्हता. पुढचा उतार लांब, खाली डावीकडे वळण, वळणावर बांबूचं बेट. मला वाटलं, इथेच याला गाठायचं.

त्या वळणावर ब्रेक कुठे लावायचा हे माझ्या हातांना पाठ होतं. बेटाच्या अलीकडे एक मैलाचा दगड, तिथे मागचा ब्रेक करकचून आवळायचा. दीडशे शनिवार मी तसाच आवळला होता. मी आवळला.

इथे थोडं समजावून सांगितलं पाहिजे, कारण त्यानंतर आयुष्यभर मी हे समजावून सांगतो आहे आणि कुणी ऐकत नाही. मागे साठ किलो असले की मागचं चाक जमिनीला धरून बसतं. ब्रेक कितीही आवळा, सायकल जोर खाते आणि सावकाश थांबते. ओझं नसलं की तेच चाक तेवढ्याच ब्रेकला जागच्या जागी अडकतं आणि घसरतं. मी सायकल शिकलो ती लोडसकट. वळायला, थांबायला, खड्डा चुकवायला शिकलो तो लोडसकट. रिकामी सायकल उतारावर कशी धरायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कारण आमच्या घरात तशी सायकल नव्हतीच. मागचं चाक वाळक्या पानांवर बाजूला गेलं, मी हँडल सावरायला गेलो, आणि पुढचं मला आकाश आणि बांबू असं उलटसुलट आठवतं.

भान आलं तेव्हा खांदा उचलत नव्हता आणि कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं. एकेक करून सगळे मला ओलांडून गेले. तो वाकड्या हँडलवाला पण. शेवटी मंडळाचा कार्यकर्ता स्कूटरवरून आला. माझं रक्त बघून तोच पांढरा पडला. "हलू नकोस, मी घरी कळवतो आणि गाडी घेऊन येतो," म्हणाला आणि विरारच्या दिशेने सुसाट गेला. तो गाडी घेऊन अजून यायचा आहे.

वळणापासून जवळच पाडा होता, माझ्या केळ्यांचं गिऱ्हाईक. तिथल्या बारकीबायने मला हाताला धरून आपल्या पडवीत नेलं. ही म्हातारी मला चार वर्षं ओळखत होती, पण नावाने नाही. तिने कपाळाला हळद दाबली, फडक्याने हात गळ्यात बांधला आणि तांब्या पुढे केला.

"पानी पी. हालू नको." मग माझी सायकल बघून म्हणाली, "केलीवाल्या, आज केली नाय आनली?"

"नाही."

"मंग कशाला आलास येवढ्या लांब?"

मला रडू फुटलं, दुखण्याचं नव्हे, संतापाचं. खिशात हात घातला तर आईने घातलेल्या दोन सुकेळ्या निघाल्या, चेचून एक झालेल्या. मी त्या खाल्ल्या. भूक कडकडून लागली होती, त्याला काय करणार?

दीड-दोन तासांनी उतारावरून ओळखीची घंटी वाजली. अप्पा येत होते. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, चेहरा काळाठिक्कर, तोंड उघडं. त्यांना तसं धापा टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या मागे, कॅरिअरवर, केळीचे पाच घड.

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. पोरगा डोंगरात डोकं फोडून पडलाय, आणि हा माणूस येतानासुद्धा लोड घेऊन आला. आलोच आहोत त्या बाजूला तर पारोळला केळी टाकू. तापातल्या शेवग्याच्या शेंगा मला आठवल्या. ते पडवीत आले, माझं कपाळ बघितलं, खांद्याला बोट लावलं. मी विव्हळलो. "हाड आहे," ते म्हणाले. "डोकं फुटलंय सांगितलं होतं."

"आजसुद्धा केळी घेऊन आलात?" मी विचारलं.

अप्पांनी वळून सायकलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते बारकीबायकडे वळले. "कोयता आहे का?" तिने दिला. त्यांनी एका घावात दोर कापला, दुसऱ्या घावात पुन्हा कापला. घड पडवीत ओळीने ठेवले. "वाटा पाड्यावर," तिला म्हणाले. सोपटाची गादी तेवढी कॅरिअरवर राहू दिली, तिच्यावर मला बसवलं आणि कापलेल्या दोराने माझी कंबर आपल्या कमरेला बांधली. दोर कापलेला मी डोळ्यांनी बघितला. पण रागाने माणूस आंधळा होतो म्हणतात ते खोटं नाही. येताना केळी आणि जाताना मी, सायकल काही रिकामी गेली नाही, एवढंच मला त्या वेळी सुचलं. दवाखान्यापर्यंत प्रत्येक चढावर ते उतरून सायकल ढकलत होते, खड्डा आला की थांबत होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत मनात त्यांना शिव्या घालत होतो.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. ते दीड महिन्यात जुळलं, जरा वाकडं. पुण्याला तो वाकड्या हँडलवाला गेला. ओटी नेली नाही म्हणून देवी कोपली, असं आईने ठरवलं आणि गावाने मान डोलावली. मी ब्रेकचं सांगायला लागलो की लोक "असेल, असेल" म्हणायचे. अप्पा तेही म्हणाले नाहीत. माझी सायकल पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेल्या अवस्थेत परत आली, तिला त्यांनी कॅरिअर लावून दिलं. मी ती पुन्हा डोंगराकडे नेली नाही. कॉलेज संपलं, मी कचेरीत चिकटलो, आणि अप्पांशी माझं बोलणं पाणी, पाऊस, प्रकृती एवढ्यावर आलं. तीस वर्षं ते तसंच चाललं.

अप्पा गेले त्यानंतर काही महिन्यांनी मी पलीकडच्या गावात मार्था मावशीकडे गेलो होतो. बाजारात अप्पांच्या शेजारी ती मोगरा, अबोली आणि भाजी घेऊन बसायची, माझ्या आईच्या वयाची. तिच्या ओटीवर क्रुसापुढे मेणबत्ती लावलेली होती, नाताळ जवळ आला होता. चहा देता देता ती सहज बोलून गेली. "तुझ्या बापसाचा तो दिवस मला आठवतो रे. तू पडलेला तो. सकाळधरनं बसलेला गाठी सोडवीत. दोन नखं तुटली त्याची. गिऱ्हाईक ओरडतंय, केळी सायकलवरच. मी म्हटलं, विळा घे माझा, काप ना. तर हसला. मी त्याला हसताना कवा पाहिलेला नाय. म्हणाला, 'मार्थे, बघ काय ताकदीनं आवळलंय पोरानं. आज हा पहिला येतो बघ.'"

मी कप खाली ठेवला.

"आणि मग तो स्कूटरवाला आला बोंबलत, डोकं फुटलं म्हणून. मी म्हटलं, लोड तरी उतरव. ऐकतोय कोण? तो गेला पण, लोडासकट."

म्हणजे त्या पाच घडांचं पारोळशी काही देणंघेणं नव्हतं. ते माझ्याच गाठींनी सायकलीला जखडलेले होते. तीन चढ त्यांनी ते ओढले, धापा टाकत, पोराचं डोकं फुटलंय हे डोक्यात घेऊन. आणि मी विचारलं, आजसुद्धा केळी घेऊन आलात? तेव्हा वळून पाहिलं त्यांनी, ती केळी मागे आहेत हे त्यांना पहिल्यांदा दिसलं असणार.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. घरी येईपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. अहो, सांगायला काय झालं होतं? एक वाक्य! तुझ्याच गाठी आहेत गाढवा, एवढं म्हणाला असतात तर माझी तीस वर्षं वाचली असती. आणि आज तू पहिला येशील, हे मार्था मावशीला सांगता, ते मला सांगायला तोंडाला कुलूप का होतं? भांडायला आता समोर कुणी नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

त्या कापलेल्या दोराचे दोन लांब तुकडे त्यांनी त्याच संध्याकाळी जोडले होते. आमच्या घरात मधोमध गाठ असलेला तो एकच दोर. पुढची वीसेक वर्षं रोज त्यानेच लोड बांधला जायचा, आणि मी रोज ती गाठ बघून कधी विचारलं नाही. तो अजून पडवीत खुंटीला आहे. गेल्या रविवारी सानिकाची मंडळी रूट विचारून गेली आणि मी तो खाली काढला, मांडीवर घेऊन बसलो. ज्या माणसाची गाठ एका झटक्यात सुटायची, त्याने ही मात्र अशी आवळली आहे की टोक सापडत नाही. जेवणाची वेळ होईपर्यंत मी नखांनी ती उकलत होतो. सुटली नाही.